पाळणाघरातली नावं

शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत शहराच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा बिराजदार सरांनी नववीच्या वर्गाचे आठ गट पाडले आणि विषयांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. किल्ला, तलाव, रेल्वे, चादर हे विषय बाकीच्यांना गेले. संस्कृतीनं आपल्या गटाची चिठ्ठी उघडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'गिरणीतल्या बायका'.

"रेल्वे यायला पाहिजे होती की," ऋतुराज म्हणाला. "इंजिन तरी करता आलं असतं."

गटात चौघं होती. संस्कृती जुळे सोलापूर या नव्या वस्तीतली. तिच्या निबंधांना दरवर्षी बक्षीस मिळायचं, त्यामुळे लिहायचं काम तिच्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. शिवयोगी हातानं काहीही बनवायचा, बोलायचा मात्र कमी. घरी कन्नड बोलत असल्यामुळे मराठीत आपण चुकू असं त्याला उगाच वाटायचं. ऋतुराज फोटो आणि संगणकाचं बघणार होता. चौथी चैताली. ती बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जुन्या चाळींपलीकडच्या एका गल्लीत राहायची आणि तिचे वडील रिक्षा चालवायचे.

पहिला आठवडा नुसता वादात गेला. ऋतुराजला मागाचा मोठा फोटो लावायचा होता. संस्कृती म्हणाली, फोटोत बाई कुठे आहे? शेवटी चैताली म्हणाली, "आमच्या गल्लीत शालनआजी आहेत. त्या गिरणीत होत्या. पण मागावर नव्हत्या. पाळणाघरात आया होत्या."

"गिरणीत पाळणाघर?" शिवयोगीनं विचारलं.

त्यालाच नाही, चैताली सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तिथूनच सुरुवात करायची असं ठरलं.

शालनबाई सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. चौघं आली म्हणून त्यांनी खाटेवरची चादर झटकून सारखी केली आणि स्वतः मोरीजवळच्या पाटावर बसल्या. आपल्याकडे कुणी इतिहास विचारायला येईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"पोरं सांबाळायचा कसला इतिहास?" त्या म्हणाल्या. पण एकदा सुरू झाल्यावर त्या थांबल्या नाहीत.

सकाळी पाळीला येणाऱ्या बायका आधी पोरं पाळणाघरात आणून द्यायच्या. शालनबाई त्यांना आंघोळ घालायच्या आणि गिरणीचं धुतलेलं झबलं चढवायच्या. घरचे कपडे वेगळ्या गाठोड्यात. लोखंडी कांबींना कापडाची झोळी बांधून केलेले पाळणे होते, दोन रांगांत. मधली सुट्टी झाली की त्या बायका पाजायला यायच्या. त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी तूस बसलेली असायची.

"मी दारातच अडवायचे," शालनबाई म्हणाल्या. "आधी हात धू, छाती पूस, मग लेकराला घे. लई बोलायच्या मला. पन तूस पोराच्या नाकात गेली की खोकला जात न्हाय."

शिवयोगीनं पाळण्याच्या कांबी कशा जोडल्या होत्या ते विचारून वहीत चित्र काढलं. संस्कृतीनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून खाटेवर ठेवला होता. उठायच्या आधी तिनं विचारलं, "आजी, अजून विसरता येत नाही असा एखादा दिवस आहे का?"

शालनबाई पाट ओढून खाटेजवळ आल्या.

"बजाबाई म्हनून एक व्हती. सूत गुंडाळायच्या खात्यात," त्या म्हणाल्या. "तिचं पोरगं आठ म्हैन्यांचं. सकाळी हातात घेतलं तवाच अंग कढत लागलं. म्हनलं, आज घरी जा. ती म्हनली, दोन खाडे झालेत, तिसरा झाला तर काढून टाकतील. दहाच्या सुमाराला पोरगं डोळं फिरवाया लागलं. मी मुकादमाकडं निरोप धाडला, तिला लगोलग पाठवून द्या म्हनून. ती आली न्हाय. दुसऱ्यांदा धाडला. दवाखान्यातला कंपाउंडर येऊन पान्याच्या पट्ट्या ठेवून गेला. बजी सुट्टीत आली, तवर पोरगं गेलं व्हतं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "त्या मुकादमानं निरोप दिलाच न्हाय बगा. मी परत जल्मात त्याच्याशी बोलले न्हाय."

बाहेर आल्यावर चौघं कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथून पांगली.

संस्कृतीनं त्याच संध्याकाळी लिहायला घेतलं. आपण काहीतरी वेगळं लिहितो आहोत हे तिला लिहितानाच कळत होतं. वाक्यं आपोआप येत होती. बजाबाईंचं नाव तिनं टाळलं, 'एक आई' एवढंच ठेवलं. वर मथळा दिला, 'निरोप पोचला नाही'. दुसऱ्या दिवशी बिराजदार सरांनी तो मजकूर उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला.

"लोक याच भिंतीपाशी थांबतील," ते म्हणाले. "मधोमध लावा. मोठ्या अक्षरात."

दिवसभर संस्कृतीचे पाय जमिनीवर नव्हते. शाळा सुटताना चैताली तिच्या सायकलजवळ येऊन उभी राहिली.

"छापायला द्यायच्या आधी आजींना वाचून दाखवू या का?"

"कशाला? त्यांनीच सांगितलंय ना. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

"सांगितलं ते आपल्याला. भिंतीवर लावायला नाही."

"नाव कुठे लिहिलंय मी?"

"आमच्या गल्लीतल्या जुन्या बायकांना नाव लागत नाही."

संस्कृतीला राग आला. "तुमच्या गल्लीत कोण काय म्हणेल ते बघत बसलं तर इतिहास लिहूनच होणार नाही," ती म्हणाली.

चैतालीनं मान खाली घातली आणि ती चालू लागली. तिच्या पाठीकडे बघताना संस्कृतीला आपण बोललेलं पुन्हा ऐकू आलं, 'तुमच्या गल्लीत'. तिनं सायकल काढली, घराच्या दिशेनं थोडी नेली, मग वळवली. चैताली वळणावर भेटली.

"बस मागं," संस्कृती म्हणाली. "आत्ताच जाऊ."

शालनबाई ज्वारी निवडत होत्या. संस्कृतीनं कागद काढून वाचून दाखवला. त्यांचा हात सुपातच थांबला.

"पुन्ना वाच," त्या म्हणाल्या.

तिनं पुन्हा वाचला.

"लई चांगलं लिवलंस गं. मला जे धड बोलता आलं न्हाय ते तू लिवलंस." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पन हे भिंतीवर लावू नगस. बजी हाय अजून. बार्शीला असती, लेकाकडं. नंतर तीन पोरं झाली तिला. आपल्या आधी एक भाऊ व्हता हे त्यास्नी ठावं बी नसंल."

"आजी, नाव नाहीये यात."

"माजं हाय की. माज्या पाळण्यात असलं एकदाच झालं. गिरणीतली कुनीबी वाचंल तर तिला लगेच कळंल." मग थोड्या खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी बोलून गेले, चूक माजी. ही गोष्ट माजी न्हाय, तिची हाय. लावायची तर तिला इचारा."

संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाईट वाटल्याचं होतं की कागद हातचा जाणार याचं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"त्या हो म्हणतील?" तिनं विचारलं.

"मला काय म्हाईत? पन जायचं आसंल तर मी येते. पाच-सहा वर्सं झाली तिला बगून."

दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी खिडकी ओढून घेतली. मैदानावर आठवीची मुलं कवायत करत होती.

"हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. "छपाईला मंगळवारी द्यायचं आहे. रविवारी जाऊन या. आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर दुसरं लिहीन," संस्कृती म्हणाली. मनातून मात्र ती अजून 'हो' ऐकायच्या तयारीत होती.

रविवारी सकाळी आईनं तिला स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. शालनबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात भाकरी-चटणीची पिशवी घेऊन आधीच येऊन उभ्या होत्या. शेजारी चैताली. बार्शीची गाडी लागली तसं त्यांनी पिशवी पुढे करून खिडकीतूनच सीट धरली. गाडी गावाबाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावर आलेली दिसत होती. शालनबाईंचा डोळा लागला.

"मी त्या दिवशी बोलले ते बरोबर नव्हतं," संस्कृती चैतालीला म्हणाली.

"हं," चैताली म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून शेंगा काढून अर्ध्या तिच्या ओंजळीत ओतल्या.

बजाबाईंचं घर बार्शीच्या मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला होतं, नवं, दोन खोल्या वर चढवलेल्या. बजाबाई गुडघे धरून दारापर्यंत आल्या आणि शालनबाईंना बघून तशाच चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"शालन, किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या.

सुनेनं चहा केला, पोहे केले आणि ती तिथंच समोर बसली. शाळेत गिरणीची माहिती गोळा करतोय, एवढं संस्कृतीनं सांगितलं. सुनेला त्यात रस होता. सासूनं गिरणीत काम केलं हे तिला माहीत होतं, पण त्यापलीकडे काही कधी कानावर आलं नव्हतं. तिच्यासमोर विषय काढणं शक्य नव्हतं. संस्कृतीनं चैतालीकडे बघितलं, चैतालीनं शालनबाईंकडे. शालनबाई पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत बसल्या.

बजाबाईंनी तिघींकडे एकेकदा बघितलं आणि कप खाली ठेवला.

"गच्चीवर तूर वाळत घातलीया. चला, दावते," त्या म्हणाल्या. सून उठायला लागली तशी म्हणाल्या, "तू ऱ्हा. भाकरी टाक ह्यांच्यासाठी. जेवून जातील."

जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. वर ऊन छान पडलं होतं. जुन्या साड्यांवर तूर पसरलेली होती. बजाबाई कडेला बसल्या आणि हातानं ती सारखी करायला लागल्या.

"पोराचं इचाराया आलाव न्हवं?" त्या म्हणाल्या.

शालनबाईंनी मान हलवली. "बजे, मी बोलून गेले. या पोरीनं लिवलंय. तू न्हाय म्हनलीस तर फाडून टाकंल ती."

"वाच बाई."

संस्कृतीनं कागद उघडला. इथे, या गच्चीवर, तिला आपलीच वाक्यं मोठी मोठी वाटायला लागली. काही शब्द तिनं वाचता वाचता गाळले. निरोपाची ओळ आली, मुकादमानं तो पोचवलाच नाही ही, तेव्हा बजाबाईंचा हात थांबला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एक चुकलंय त्यात," त्या म्हणाल्या. "निरोप आला व्हता."

शालनबाईंनी वर बघितलं.

"दोनीबी आले व्हते, शालन. मुकादम सोता येऊन सांगून गेला, जा म्हनला. मीच आले न्हाय. म्हनलं, पोरांना ताप येतुयाच की. सुट्टीला तास-दीड तास ऱ्हायलाय, तवा जाऊ. दोन खाडे झाले व्हते, तेच डोक्यात." त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. ही वाक्यं त्यांनी मनात खूपदा म्हटली असावीत. "तू त्या मानसाशी बोलायची बंद झालीस. मला दिसत व्हतं. रोज म्हनायचे, आज सांगू, उद्या सांगू. मग गिरणीच बंद पडली. त्योबी गेला."

खाली सून भाकरी थापत असल्याचा आवाज येत होता. मग शालनबाई पुढे सरकल्या, बजाबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्याबरोबर तूर सारखी करायला लागल्या.

"बावीस वर्साची व्हतीस तू," त्या म्हणाल्या. "मी ईसची. आपल्याला काय कळत व्हतं?"

बजाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना पदर लावला.

संस्कृतीनं कागदाची घडी घातली. फाडायची गरज उरली नव्हती. मथळ्यापासूनच तो चुकीचा होता. आपण एका मेलेल्या माणसावर, जो काही बोलू शकत नव्हता, भिंतीएवढ्या अक्षरांत आरोप करणार होतो, हे तिच्या लक्षात आलं.

"आजी, आम्ही यातलं काही लावणार नाही," ती म्हणाली.

"नगा लावू." बजाबाई म्हणाल्या. "पन एक करता का? समदी त्याला बाळूच म्हनायची. बारशाला नाव ठेवलं व्हतं. सिद्धनाथ. ते कुटंच लिवलेलं न्हाय. दाखला न्हाय, शाळा न्हाय, काय न्हाय. तेवडं नाव कुटंतरी लिवा. गेला-बिला काय लिवू नका. नुस्तं नाव."

"नुसतं एकच नाव कसं लिहायचं?" संस्कृतीनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

चैताली म्हणाली, "एकच कशाला? शालनआजींना सगळ्यांची ठाऊक असतील. पाळणाघरातल्या सगळ्या पोरांची."

जेवण झाल्यावर त्या परतीच्या गाडीत बसल्या, आणि गाडी वाटेतल्या वैरागला पोचायच्या आत शालनबाई नावं सांगायला लागल्या होत्या. त्यांना ती पोरांच्या आयांच्या नावांवरून आठवायची. नागमणीचा अंबादास. काशम्माचा शिवलिंगप्पा, तो रडायला लागला की दुसरं कुणी झोपायचं नाही. हलीमाची रुक्साना. जुळी व्यंकटेश आणि पद्मा. चैताली वहीत लिहीत होती आणि गाडी हादरली की अक्षरं रेघ सोडून खाली जात होती. "आता सिद्धनाथ," शालनबाई मधेच म्हणाल्या, बाकीची नावं सांगितली त्याच आवाजात, आणि लगेच पुढच्या नावाकडे गेल्या. सोलापूर येईपर्यंत सदतीस नावं झाली.

पुढचे दोन दिवस शालनबाईंनी गल्ली पालथी घातली. कोण कुठे राहायला गेलं, कुणाला फोन लावता येईल, ते बघून त्या विसरलेली नावं मिळवत राहिल्या. एक रिक्षावाला स्वतःच शाळेत आला आणि म्हणाला, मीपण होतो त्या पाळण्यात, माझं नाव घ्या. मंगळवारी छपाईची वेळ झाली तरी यादी थांबली नव्हती. तेव्हा बिराजदार सर म्हणाले, हा फलक छापूच नका, हातानं लिहा, म्हणजे पुढेही भर घालता येईल.

संस्कृतीनं खादीच्या कापडावर ब्रशनं नावं लिहिली. आडनाव नाही, तारीख नाही. हे काम तिला सुरुवातीला कंटाळवाणं वाटलं. एकही वाक्य नाही, तिचं स्वतःचं असं काहीच नाही. पण विसाव्या-पंचविसाव्या नावापाशी ती हळू लिहायला लागली, कारण एखादा काना वाकडा गेला तर तो माणूस येऊन बघणार होता. खाली एका छोट्या कागदावर तिनं शालनबाईंचा दिवस लिहिला, त्यांनी सांगितला तसा: आंघोळ कधी, दूध कधी, पाजायची वेळ कधी, दारात हात कसे धुवायचे. शिवयोगीनं वायरिंगच्या पाइपांचे दोन पाळणे केले. ऋतुराजनं फोटोंचा हट्ट सोडला आणि नावं सांगणाऱ्या बायकांचे आवाज जोडून एक छोटी ध्वनिफीत केली.

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी रेल्वेच्या गटापाशी होती. त्यांनी फिरणारं इंजिन केलं होतं, आणि शाळेनं बोलावलेल्या परीक्षकांनी पहिला नंबर त्यांनाच दिला. संस्कृतीच्या गटाचा नाव न घेता 'चांगला प्रयत्न' म्हणून उल्लेख झाला. संस्कृतीला वाईट वाटलं, पण तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. दुपारी शालनबाई आल्या आणि शिवयोगीच्या पाळण्याची झोळी सोडून त्यांनी ती पुन्हा बांधली, गाठ उलट्या बाजूला घेऊन. "आशी बांधली तर पोरगं पडत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि मग जो येईल त्याला ती गाठ दाखवत बसल्या.

चौथ्या दिवशी, दालन बंद व्हायच्या सुमाराला, कॉलेजची वाटावी अशी एक मुलगी दारात आली. ती आत येऊन थेट नावांच्या कापडासमोर उभी राहिली.

"मी आरोही," ती म्हणाली. "माझी आजी बार्शीला असते, बजाबाई. मी इथं नर्सिंगला आहे. तिनं फोन करून सांगितलं, शाळेत जा आणि त्या नावांचा फोटो काढ. सगळा आला पाहिजे म्हणाली, एकही नाव कापलं जाता कामा नये." तिनं नावांवरून नजर फिरवली. "यात आमच्यातलं कुणी आहे का?"

संस्कृतीला उत्तर माहीत होतं. तिनं क्षणभर चैतालीकडे बघितलं.

"त्यांच्या खात्यातल्या बायकांची मुलं आहेत यात," ती म्हणाली. "तुमच्या आजी ओळखतात सगळ्यांना. त्याच सांगतील."

"ती कुठली सांगतेय. गिरणीचं ती काहीच बोलत नाही." आरोहीनं मोबाइल आडवा धरला, मागे सरकली आणि तिची पाठ टेबलाला टेकली. "नाही मावत हो सगळं."

"थांबा," संस्कृती म्हणाली.

तिनं आणि चैतालीनं दोन बाजूंनी टेबल उचलून भिंतीला लावलं. आरोही आणखी दोन पावलं मागे गेली. फोटो काढल्यावर तिनं तो मोठा करून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत तपासला, वडिलांच्या नंबरवर पाठवला, आणि आजीला दाखवा म्हणून खाली लिहिलं. मग दोघींना 'येते' म्हणून ती गेली.

मुलींनी टेबल जागेवर आणून ठेवलं. शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात उभे होते.